तारेला झोळ का हवा?

क्रूझवर बंदर येण्याच्या आदल्या दिवशी प्रवाशांना किनाऱ्यावरील सहलींची यादी दिली जाते, आणि तीत ‘वर्षावनात झिपलाइन’ हे शब्द दिसले की बहुतेक कुटुंबांत एकच प्रश्न निघतो: ती तार तुटली तर? प्रश्न रास्त आहे, पण तो विचारणाऱ्याच्या मनातले तारेचे चित्र बहुधा उलटे असते. तार जितकी ताठ तितकी ती भक्कम, आणि तिला मध्ये झोळ पडलेला दिसला की कुणीतरी काम अर्धवट सोडले आहे, असा सर्वसाधारण समज असतो. मुंबईच्या बोलीत तर ‘झोल’ म्हणजे सरळसरळ लबाडी. झिपलाइनच्या बाबतीत मात्र तारेत झोळ नसेल तेव्हाच काळजी करावी. असे का, हे समजण्यासाठी आधी ती तार ज्या रानात बांधलेली असते ते रान पाहावे लागेल, आणि त्यासाठी कॅरिबियन समुद्रावरचे एक बंदर उदाहरण म्हणून घेणे सोयीचे आहे.

१. लिमोन बंदर

मध्य अमेरिकेच्या चिंचोळ्या पट्टीत वसलेल्या कोस्टा रिका या देशाला एका अंगाने पॅसिफिक महासागर आणि दुसऱ्या अंगाने कॅरिबियन समुद्र लाभला आहे, आणि लिमोन हे त्याचे कॅरिबियन बाजूचे मुख्य बंदर आहे. कोलंबस आपल्या चौथ्या आणि अखेरच्या सफरीत १५०२ साली याच किनाऱ्याला लागला होता. पुढे १८९० मध्ये राजधानी सान होसेपासून येथवरचा लोहमार्ग पुरा झाला. तो बांधण्यासाठी जमैकातून मजूर आणले गेले आणि रुळांच्या दोन्ही कडांना केळीच्या बागा उभ्या राहिल्या. आज फ्लोरिडातून निघून पनामा कालव्याच्या दिशेने जाणारी प्रवासी जहाजे मुख्यतः हिवाळ्याच्या महिन्यांत येथे सकाळी लागतात आणि सहसा त्याच दिवशी अंधार पडण्यापूर्वी निघतात. अशा जहाजांवर काम करणाऱ्यांत गोव्याचे ‘तारवटी’ पूर्वापार असल्यामुळे न्याहारीच्या वेळी कोकणी कानावर पडली तर नवल नाही. (हा शब्द तारू म्हणजे जहाज यावरून आला आहे, या प्रकरणातल्या तारेशी त्याचा संबंध नाही.)

बंदरापासून आत जाऊ लागले की आधी केळीच्या बागा लागतात, त्यांत निळ्या प्लास्टिकच्या पिशव्यांत गुंडाळलेले घड लोंबत असतात, आणि जमीन चढू लागली की रान सुरू होते.

२. पाऊस किती, त्यापेक्षा कधी

वर्षावन म्हणजे भरपूर पावसाचे रान, ही व्याख्या अपुरी आहे. लिमोनला वर्षाकाठी साधारण साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आणि महाबळेश्वरला तर त्याहून कितीतरी अधिक पडतो. फरक वाटपात आहे. सह्याद्रीचा बहुतेक सारा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळून जातो आणि पुढे झाडांना आठ महिने साठवणीवर काढावे लागतात, तर लिमोनला पूर्ण कोरडा म्हणावा असा एकही महिना नसतो. त्यामुळे तेथील झाडाला पाण्याची चिंता जवळजवळ नसते आणि त्याची सारी धडपड उजेडासाठी चालते. जो तो वर जाऊ पाहतो, आणि या चढाओढीतून रानाचे मजले तयार होतात.

हे मजले जुन्या चाळीसारखे समजावेत. तळमजल्यावर, म्हणजे जमिनीवर, भर दुपारीही दिवा लावावासा वाटेल इतका अंधार असतो, कारण वर पडणाऱ्या उजेडापैकी शंभरातले एक-दोन भागच तेथवर पोचतात. मधल्या मजल्यावर लहान झाडे, वेली आणि वाढीची संधी शोधणारी रोपे असतात. त्याच्या वर, साधारण तीस ते चाळीस मीटरांवर, मोठ्या झाडांचे शेंडे एकमेकांना भिडून जवळजवळ सलग छप्पर तयार होते, ज्याला वृक्षछत म्हणतात. आणि चाळीच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीसारखी काही झाडे या छतातूनही डोके वर काढतात. फुले, फळे, पक्षी, माकडे आणि बहुतेक कीटक यांचा खरा संसार या छतावर चालतो. रानात पायी फिरणारा माणूस म्हणजे चाळीच्या जिन्याखाली उभे राहून बिऱ्हाडांची माहिती काढू पाहणारा पाहुणा.

३. माणूस छतावर कसा गेला

शास्त्रज्ञांनाही हीच अडचण होती. १९८२ मध्ये टेरी अर्विन या कीटकशास्त्रज्ञाने पनामातील एकाच जातीच्या १९ झाडांच्या शेंड्यांत कीटकनाशकाचा धूर सोडून खाली पडलेले भुंगे मोजले, तेव्हा त्यात सुमारे बाराशे जाती निघाल्या, आणि त्यावरून त्याने जगात कीटकवर्गीय प्राण्यांच्या तीन कोटी जाती असाव्यात असा अंदाज मांडला. पुढच्या संशोधकांनी तो आकडा बराच खाली आणला, पण वृक्षछत हा पृथ्वीचा जवळजवळ न पाहिलेला भाग आहे, ही गोष्ट त्या धुराने सर्वांच्या ध्यानात आणून दिली. त्याच सुमारास कोस्टा रिकात डोनाल्ड पेरी हा तरुण जीवशास्त्रज्ञ दुसऱ्या मार्गाने वर जात होता: आडव्या धनुष्याने फांदीवरून दोरी फेकायची, तिला धरून गिर्यारोहकाप्रमाणे चढायचे, आणि मग एका झाडावरून दुसऱ्यावर दोऱ्यांचे जाळे बांधायचे. याच पेरीच्या कल्पनेतून १९९४ मध्ये ब्राउलियो कारियो राष्ट्रीय उद्यानाजवळ पर्यटकांना छतातून सावकाश फिरवणारा पाळण्यांचा रज्जुमार्ग सुरू झाला.

झिपलाइन हे त्याचे धाकटे आणि धसमुसळे भावंड. तिचे मूळ तंत्र रानातले नसून डोंगरातले आहे. आल्प्स पर्वतातील टिरोल प्रांतावरून स्पॅनिशमध्ये तिला ‘तिरोलेसा’ म्हणतात, आणि हिमालयात तर नदी किंवा दरी ओलांडण्यासाठी अशा तारा रोजच्या वापरात होत्या. स्पीती खोऱ्यात भटकलेल्या मराठी ट्रेकरांना २०१७ साली पूल होईपर्यंत चिचम गावाचे लोक ज्या झुल्याने खोल घळ पार करत तो आठवत असेल. १९९० च्या दशकात कोस्टा रिकात हेच तंत्र वृक्षछतात नेऊन त्याची सहल केली गेली, आणि म्हणून तेथील लोक झिपलाइनलाच सरळ ‘कॅनोपी’, म्हणजे छत, म्हणतात. नाव मोठे समर्पक आहे, फक्त त्यात एक गोम आहे, आणि ती पुढे येईल.

४. झोळाचे गणित

झिपलाइनची जुळणी साधी असते. उंच मचाणापासून सखल मचाणापर्यंत पोलादी तारांचा पीळ घातलेला दोर ताणलेला असतो, त्यावर चाके असलेली ट्रॉली, म्हणजे विहिरीवरच्या कप्पीचीच सुधारलेली आवृत्ती, धावते, आणि माणूस कमरेला व मांड्यांना आवळलेल्या पट्ट्यांनी, म्हणजे हार्नेसने, तिला लोंबकळतो.

दोर किती ताणावा, हे समजण्यासाठी भाजीची जड पिशवी दोघांनी दोन बंदांना धरून उचललेली कल्पावी. दोघे अगदी जवळ उभे असतील तर प्रत्येकाच्या हाताला निम्मेच वजन लागते. पण ते एकमेकांपासून दूर सरकू लागले की पिशवी तीच असूनही हातांना ओढ वाढत जाते, आणि बंद अगदी आडवे व्हावेत असा हट्ट धरला तर ते तुटेपर्यंत ओढूनही पिशवी थोडी खाली राहतेच. आडवा बंद वजन वर उचलू शकत नाही. त्याला थोडे तिरके होऊ दिले तरच तो ते पेलतो. तारेचेही तसेच आहे.

आकड्यांत सांगायचे तर, ३०० मीटर लांबीचा, १२ मिलिमीटर जाडीचा पोलादी दोर घेऊ. त्याचे स्वतःचे वजन साधारण १८० किलो भरते. मध्यावर साहित्यासह ८० किलोचा माणूस आहे आणि त्या वेळी झोळ ९ मीटर, म्हणजे लांबीच्या शंभरात ३ भाग, पडला आहे. दोरातील ओढ काढण्यासाठी माणसाचे वजन गुणिले लांबी भागिले ४ (६,०००) आणि दोराचे वजन गुणिले लांबी भागिले ८ (६,७५०) यांची बेरीज करून तिला झोळाने भागावे: १२,७५० भागिले ९, म्हणजे सुमारे १,४०० किलो. अशा जाडीचा चांगला दोर तुटायला साधारण आठ-नऊ टन ओढ लागते, तेव्हा सहापट शिल्लक हाताशी आहे. आता एखाद्या उत्साही माणसाने तार ‘छान ताठ’ करण्याच्या नादात तोच झोळ १ मीटरवर आणायचे ठरवले, तर ओढ होते १२,७५० किलो, म्हणजे पावणेतेरा टन. दोर त्याच्या कितीतरी आधी तुटेल. माणूस तोच, दोर तोच, बदलला तो फक्त झोळ.

तो आणखी एक काम करतो. वरच्या उदाहरणात शेवटचे मचाण पहिल्यापेक्षा १५ मीटर खाली आहे असे धरले, तर माणूस सरळ उतरत जात नाही. झोळामुळे तो साधारण २१० मीटरांवर सर्वांत खाली, सुरुवातीपेक्षा सुमारे १८ मीटर खाली पोचतो आणि उरलेल्या ९० मीटरांत पुन्हा सुमारे ३ मीटर वर चढतो. शेवटचा हा चढ म्हणजे तारेने फुकट दिलेला ब्रेक. हवा आणि घर्षण मुळीच नसते तर सर्वांत खालच्या बिंदूवर वेग ताशी ६८ किलोमीटरांच्या घरात गेला असता आणि शेवटी ६२ वर आला असता. प्रत्यक्षात तो दोन्ही ठिकाणी बराच कमी असतो.

५. वजन का विचारतात

नावनोंदणीच्या खिडकीवर वजन विचारले जाते, अनेकदा काट्यावर उभेही केले जाते, आणि काही प्रवासी त्याने ओशाळतात. वजनाच्या वरच्या मर्यादेचे कारण उघड आहे. खालच्या मर्यादेचे तितके नाही.

शाळेत शिकवले जाते की जड आणि हलकी वस्तू सारख्याच वेगाने पडतात, पण ते हवा नसलेल्या जागी. हवेत दगड आणि पीस सोबत पडत नाहीत, आणि तारेवर हवा फार मोठी भूमिका बजावते. नव्वद किलोच्या माणसाचे आकारमान तीस किलोच्या मुलाच्या तिप्पट असले तरी हवेला आडवे येणारे त्याचे अंग तिप्पट नसते. म्हणून हवा त्याला तुलनेने कमी अडवते आणि तो अधिक वेगाने जातो. मुलाचे उलट होते. शेवटचा ३ मीटरांचा चढ चढायला सर्वांत खालच्या बिंदूवर ताशी सुमारे २८ किलोमीटर वेग हवा; समोरून वारा असेल किंवा मुलाने भीतीने हातपाय पसरले असतील तर तो मिळत नाही, आणि मूल मचाणाच्या अलीकडेच थांबून हळूहळू मागे, झोळाच्या तळाशी परत येते. हा अपघात नव्हे, पण गैरसोय आहे. अशा वेळी पाठ मुक्कामाकडे करून, तार दोन्ही हातांनी आळीपाळीने ओढत मागे सरकायचे असते. तेवढी ताकद नसेल तर गाइड तारेवरून येऊन ओढून नेतो. लहान मुलांना गाइडच्या जोडीने सोडतात ते याचसाठी. पाय पोटाशी घेऊन गोळा झाले की वेग वाढतो, हातपाय पसरले की घटतो. एवढे समजले तर गाइडच्या निम्म्या सूचना आपोआप कळतात.

६. थांबायचे कसे

कोस्टा रिकातील जुन्या पद्धतीत ब्रेक म्हणजे चामड्याचा जाड हातमोजा. तळव्याच्या जागी चामड्याचा दुहेरी तुकडा शिवलेला असतो, आणि पलीकडून गाइडने हाताने खूण केली की तो तळवा तारेवर वरून दाबायचा. कुठे दाबायचा, यावर सारे अवलंबून असते: ट्रॉलीच्या मागे, पुढे कधीच नाही, कारण पुढे ठेवलेल्या बोटांवरून चाक जाते. दिवसभर वापरलेल्या मोज्याच्या तळव्यावर तारेच्या पिळाची काळी, चकचकीत खाच पडलेली असते. ती आरपार जाण्याच्या बेतात असेल तर दुसरा मोजा मागावा.

मात्र भेदरलेल्या प्रवाशाने ऐन वेळी योग्य तेच करावे, यावर सुरक्षितता टांगून ठेवणे शहाणपणाचे नाही, आणि म्हणून चांगल्या ठिकाणी शेवटी स्प्रिंगचे किंवा चुंबकाचे ब्रेक बसवलेले असतात. चुंबकी ब्रेक गमतीचा आहे. तांब्याच्या उभ्या नळीत शक्तिमान चुंबक सोडला तर तो नळीला न चिकटताही तुपात पडल्यासारखा सावकाश उतरतो, कारण हलणाऱ्या चुंबकामुळे तांब्यात विजेचे भोवरे उठतात आणि ते त्याच हालचालीला विरोध करतात. ब्रेकमध्ये हीच युक्ती असते. काहीही घासत नाही, त्यामुळे झीज नाही आणि पावसात घसरणेही नाही. शिवाय येणारा जितका वेगात, तितका विरोध अधिक, त्यामुळे जड आणि हलका दोघेही सारख्याच अदबीने थांबवले जातात. याच्या मागे आणखी एक वेगळा, संकटकाळचा ब्रेक असावा लागतो. तेव्हा नावनोंदणी करताना विचारण्याजोगा एकच प्रश्न निवडायचा असेल तर ‘तार किती मजबूत आहे’ याऐवजी ‘पाहुण्याने काहीच केले नाही तर त्याला थांबवते काय’ हा विचारावा.

मचाणावर दुसरा एक नियम डोळ्यांनी तपासता येतो. हार्नेसला दोन आधार असतात, आणि एका तारेवरून दुसऱ्या तारेवर जाताना गाइड एक आधार अडकवल्याशिवाय दुसरा सोडत नाही. दोन्ही कड्या एकाच वेळी मोकळ्या, असा क्षण येऊच नये. पाऊस पडतो म्हणून सहल थांबत नाही, तसे केले तर लिमोनला ती कधी निघणारच नाही. विजा चमकू लागल्या तर मात्र थांबवावीच लागते. गरोदर स्त्रिया, नुकतीच शस्त्रक्रिया झालेले आणि पाठीचे किंवा हृदयाचे दुखणे असलेले यांनी या वाटेला जाऊ नये.

७. छत दिसते कुठे

वर उल्लेखलेली गोम आता सांगता येईल. ताशी चाळीस किलोमीटर वेगाने वृक्षछतातून जाणाऱ्याला वृक्षछत दिसत नाही. हिरव्या रंगाचा पट्टा, कानात ट्रॉलीची शिट्टी आणि पुढच्या मचाणावर हात हलवणारा गाइड, एवढेच दिसते. रान दिसते ते मधल्या मचाणांवर, पाळी येण्याची वाट पाहताना, आणि रांग लांब असल्याची तक्रार करणारे नेमके तेच गमावतात. फांदीच्या बेचक्यात अननसाच्या शेंड्यासारखा दिसणारा पानांचा झुबका असतो. तो खरोखरच अननसाच्या कुळातला असून परोपजीवी नसतो, झाडाकडून फक्त टेकण्यापुरती जागा घेतो. त्याच्या पानांच्या तळाशी पेलाभर पाणी साठते. लिमोनच्या रानातल्या, नखाएवढ्या लाल विषारी बेडकाची मादी आपली पिल्ले एकेक करून पाठीवरून अशा पाण्यात आणून सोडते, आणि नंतर पुन्हा पुन्हा येऊन त्यांना खायला निष्फळ अंडी घालते. फांदीवर गवताच्या मळकट गठ्ठ्यासारखे काही दिसले तर तो स्लॉथ असू शकतो. त्याच्या केसांत शेवाळ वाढते आणि तीन बोटांचा स्लॉथ साधारण आठवड्यातून एकदाच, मलविसर्जनासाठी, जमिनीवर उतरतो. या संथ प्राण्याला कोस्टा रिकाने २०२१ मध्ये राष्ट्रीय प्रतीक केले, आणि त्याच्या डोक्यावरून माणसे सुसाट जात असतात.

मचाण ज्या झाडाला बांधलेले असते त्याचीही एक बाजू आहे. झाडाचे अन्न वाहून नेणारा थर सालीच्या लगेच खाली असतो, आणि खोड दरवर्षी जाड होत जाते. त्यामुळे खोडाभोवती घट्ट आवळलेली तार काही वर्षांत तो थर कापू लागते आणि झाड उभ्या उभ्या उपासमारीने मरते. म्हणून खोड आणि तार यांच्यामध्ये लाकडी ठोकळे घालून वाढीला जागा ठेवतात आणि ती वेळोवेळी सैल करतात, किंवा झाडाला न शिवता शेजारी खांबच रोवतात. येथेही झोळच हवा. व्यवसाय म्हणून पाहता, उभे झाड कमाई देऊ लागले की जमीनमालकाला ते तोडावेसे वाटत नाही, आणि कोस्टा रिकात ही कमाई केवळ पर्यटनाची नसते: १९९६ च्या वनकायद्यानुसार रान राखणाऱ्या मालकांना मोबदला मिळतो, आणि त्यासाठी इंधनावरील कराचा एक भाग वापरला जातो. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झपाट्याने घटलेले त्या देशाचे वनक्षेत्र आज पुन्हा निम्म्याहून अधिक भूभागावर पसरले आहे.

८. दोन घड्याळे

तारेवरून परतलेल्या प्रवाशाला खरा धोका बहुधा बंदरावर असतो. जहाजामार्फत घेतलेल्या सहलीची बस अडकली तर जहाज सहसा थांबते. बाहेरून स्वस्तात ठरवलेल्या सहलीसाठी ते थांबत नाही आणि पुढचे बंदर प्रवाशाने आपल्या खर्चाने गाठायचे असते. जहाज ४ वाजता सुटणार असेल तर शिडीवर पोचण्याची अखेरची वेळ अर्धा ते एक तास आधीची असते. त्यातून तासाभराचा रस्ता, एकाच मार्गावरचे मालट्रक आणि घाटातला पाऊस वजा केला, तर स्वतंत्र जाणाऱ्याने शेवटची तार दुपारी एकच्या आत पार केलेली बरी.

त्यातच घड्याळांचा घोळ. कोस्टा रिका वर्षभर भारताच्या साडेअकरा तास मागे असते आणि हिवाळ्यात फ्लोरिडाच्या एक तास मागे. काही जहाजे बंदरागणिक आपले घड्याळ बदलतात, काही फ्लोरिडाचीच वेळ शेवटपर्यंत चालवतात. मोबाइल मात्र किनाऱ्यावरच्या टॉवरशी जोडला जाताच कुणाला न विचारता स्थानिक वेळ दाखवू लागतो. फ्लोरिडाची वेळ चालवणाऱ्या जहाजावर शिडी उचलण्याची वेळ साडेतीनची असेल आणि ती उचलली जाऊ लागली असेल, तेव्हा बाजारात शहाळे पीत उभ्या असलेल्या प्रवाशाच्या मोबाइलवर अडीचच वाजलेले असतात.